विश्लेषण : व्यायाम थांबला, तरी ठोके उतरत नाहीत? वयाला दोष देण्याआधी कंबर मोजा!

टेकडी चढून आल्यावर मनगटावरचे स्मार्ट घड्याळ एक आकडा दाखवते. थांबल्यानंतर पहिल्या मिनिटात हृदयाचे ठोके कितीने उतरले, तो. समजा, पंचविशीतल्या मुलाचे ३५ आणि पन्नाशीतल्या वडिलांचे १८. मग घरात चेष्टा सुरू होते. पण ही तुलनाच चुकीची आहे.

वयाचा संबंध काय?

व्यायाम थांबताच व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला ब्रेक लावतो. पहिल्या मिनिटातली घट हे मुख्यतः त्याचेच काम. वयानुसार हा ब्रेक सैल होतो. शिवाय ठोक्यांची कमाल मर्यादाही खाली येत असल्याने उतरायला जागाच कमी उरते.

१२ हा आकडा कुठून आला?

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी १९९९ मध्ये २,४२८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रेडमिल चाचणीनंतर मिनिटभरात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरलेल्यांमध्ये पुढील सहा वर्षांत मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला. वय व इतर घटक हिशेबात घेऊनही. मात्र सहभागींचे सरासरी वय ५७ होते आणि थांबल्यावर ते सावकाश चालत होते. त्यामुळे पंचविशीतल्याने १३ पाहून खूश होण्याचे कारण नाही. लगेच आडवे पडून मोजले, तर घट एरवीही जास्तच दिसते.

मग वजन बरोबर असेल तर?

इथेच भारतीय माणूस फसतो. पोटाच्या आत चरबी जास्त असेल तर ठोके सावकाश उतरतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ॲपमध्ये मात्र बहुधा उंची आणि वजनच भरायचे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! काट्याला हा फरक कळत नाही. हजारो रुपयांच्या घड्याळांनी कंबरेचा घेरही विचारायला हवा. तोवर शिंप्याची टेप आहेच. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानली जाते.

बीटा ब्लॉकर गोळ्या सुरू असतील, तर ठोक्यांचे आकडे बदलतात. अशांनी घड्याळाऐवजी डॉक्टरांना विचारावे.