बर्फाचा विमा आणि सोयाबीनची गंजी

‘वर्ध्याच्या माणसाले बर्फाचा विमा काऊन लागते बे?’ आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने विचारलं आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस-सेहेचाळीसला टेकतो आणि बर्फ म्हणजे रसवंतीत गोणपाटात गुंडाळलेली लादी. पण हसणाऱ्यांपैकी निम्मी पोरं आता पुण्यात नाहीतर हैदराबादला आहेत. जानेवारी लागला की त्यांचे गुलमर्ग, औली, सोलांगचे फोटो येतात. दोघंतिघं कंपनीच्या कामाने वर्षातून दोनदा जर्मनीला जातात आणि शनिवार-रविवार साधून स्कीइंग करून येतात. बर्फाशी आपला संबंध कधीच आलाय. विम्याच्या बाबतीत मात्र आपण अजून ‘दे ना बाप्पा कोणताही स्वस्तातला’ म्हणतो.

ज्याच्यामुळे हा लेख लिहितोय तो माझा मित्र हिंगणघाटचा. परदेशवाऱ्या वारंवार होतात म्हणून त्याने वर्षभराची प्रवास-पॉलिसी घेतली. अ‍ॅपवर ‘अ‍ॅडव्हेंचर आणि विंटर स्पोर्ट्स’ असा चौकोन होता, त्यावर टिक केली आणि त्याचे जास्तीचे पैसे भरले. ग्रुपवर स्क्रीनशॉटही टाकला. मग जानेवारीत गुलमर्गला गेला, तिसऱ्या दिवशी सपाट म्हणावं अशा उतरणीवर पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. कंपनीला फोन केला तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं : सर, तुमची पॉलिसी भारताबाहेरच्या प्रवासासाठी आहे.

पॉलिसीत ते लिहिलेलं होतं. पहिल्याच पानावर होतं.

आपल्या बाजारात वर्षभराच्या बहुतेक प्रवास-पॉलिसी परदेश प्रवासाच्याच असतात. गुलमर्ग-औलीला त्यांचा उपयोग शून्य. भारतातल्या प्रवासाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. आणि ‘वर्षभर’ म्हणजे सलग वर्षभर नव्हे. एका वारीला तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची मर्यादा असते. वर्षातून एकदाच बाहेर जाणाऱ्याने वार्षिक पॉलिसी घेणं म्हणजे एकदा नागपूरला जायला महिन्याचा पास काढणं. दोन-तीन वाऱ्या होत असतील तरच तो हिशेब बसतो.

खरी गोष्ट पुढे आहे. ऑपरेशन नागपुरात झालं. नोकरीतला साधा आरोग्य विमा त्याच्याकडे होता, पण तो त्याने वापरायचाच नाही असं ठरवलं होतं, कारण त्यात न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत ‘धोकादायक किंवा साहसी खेळ’ हे शब्द त्याला दिसले होते. मी म्हटलं, पूर्ण ओळ वाच. आरोग्य पॉलिसीतलं हे कलम विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेलं आहे. एक्स्क्लूजन क्रमांक ९. त्यात म्हटलंय की अशा खेळात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्याने उपचार लागले तर खर्च मिळणार नाही. हौसेने चार दिवस घसरणारा माणूस व्यावसायिक नव्हे. त्याच्या पॉलिसीतही हेच शब्द होते. कागदपत्रं शेवटच्या आठवड्यात गेली आणि हॉस्पिटलचं बिल बहुतेक सगळं मिळालं. फिजिओथेरपीचे पैसे खिशातून गेले, ते वेगळं.

म्हणजे ज्या पॉलिसीवर बर्फाचं चित्र होतं तिने छदाम दिला नाही आणि जिच्यात बर्फाचा उल्लेखही नव्हता तिने गुडघा सांभाळला. यावरून आरोग्य विमा असला की झालं, असं कोणी समजू नये. प्रवास-पॉलिसींमध्ये ‘व्यावसायिक’ हा शब्द असेलच असं नाही. कित्येकींमध्ये हौशी माणसाचंही स्कीइंग सरळ वगळलेलं असतं, नाहीतर जास्तीचे पैसे भरून जोडून घ्यावं लागतं. जोडल्यावरही अटी राहतात : आखून दिलेल्या, खुल्या ठेवलेल्या उतरणीवरच, दारू पिऊन नाही, काहींमध्ये ठरावीक उंचीच्या वर नाही. गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो आणि तिथून खाली येताना आखलेली वाट सोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या अफरवत शिखराच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत गुलमर्गलाच एक रशियन गेला. अशा जागी तुमच्या पॉलिसीत शोध आणि सुटकेचा खर्च आहे की नाही, हा प्रश्न प्रीमियमच्या आकड्याआधी विचारायचा असतो.

युरोपला जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, म्हणून पोरं नेमकं तेवढ्याचंच स्वस्तातलं घेतात. ती अट दूतावासाची आहे. आल्प्समधून हेलिकॉप्टरने खाली आणायचं झालं तर कोण देणार, भाड्याची स्की मोडली तर काय, हे दूतावास विचारत नाही. तिकडच्या विंटर स्पोर्ट्स पॉलिसींमध्ये बर्फ न पडल्याने उतरणी बंद राहिल्या तर दिवसाला ठरावीक रक्कम देण्याचीही सोय असते. बर्फाची नापिकी म्हणा ना! हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच बाबा आठवले.

कारण विम्याचं कलम म्हणजे काय, हे आमच्या घरात मला आधी बाबांनी शिकवलं. आमची शेती देवळी तालुक्यात. कापूस, तूर, सोयाबीन. एका वर्षी सोयाबीन कापलं, ढग पाहून बाबांनी घाईने गंजी लावली, वर ताडपत्री टाकली. पाऊस असा झाला की खालून पाणी शिरून गंजी सडली. पीकविम्याचा दावा केला तर नाकारला. काढणीनंतरच्या नुकसानीचं कलम होतं शेतात वाळायला कापून पसरवलेल्या पिकासाठी, चौदा दिवसांपर्यंत, आणि तेही बहात्तर तासांत कळवलं तर. गंजी त्यात बसत नव्हती. ज्याने पीक वाचवायची धडपड केली तो अपात्र आणि ज्याने पसरलेलं तसंच सोडलं तो पात्र! बाबा तेव्हा शिव्या देत होते, पण त्या पावसानंतर गावात ते कलम सगळ्यांत नीट त्यांनाच माहीत होतं. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा आणला आणि २०२५ मध्ये बंद केला, तेव्हा सगळी ओरड त्या रुपयाची झाली. बाबांनी विचारलं ते वेगळंच : ‘रुपया जाऊ दे, काढणीनंतरचं ठेवलं का थे सांग.’ ठेवलं नव्हतं. २०२५ पासून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर.

बारावी शिकलेला माणूस एवढं विचारतो आणि आपण इंजिनिअर होऊन टिक करून मोकळे होतो, याचा मला राग आहे. ‘कंपन्या देतच नाहीत’ हे आपल्या जिल्ह्याचं आवडतं वाक्य. त्यात तथ्य आहे, बाबांची गंजी त्याची साक्षीदार आहे. पण आपण ते न वाचण्याची सबब म्हणून वापरतो.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. खरेदीचं बटण अंगठ्याएवढं आणि अटी चाळीस पानी इंग्रजी पीडीएफमध्ये, हा योगायोग नाही. आरोग्य विम्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून सोप्या भाषेतलं ग्राहक माहितीपत्रक सक्तीचं झालंय आणि मागितलं तर स्थानिक भाषेत द्यायचं आहे. मागा की मराठीत! मी मागितलं तेव्हा पलीकडच्या मुलीला आधी प्रश्नच कळला नाही, पण आलं. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंत भरपाईचा आदेश देता येतो. वर्ध्याचं प्रकरण पुण्याच्या कार्यालयात जातं. तक्रार ऑनलाइन करता येते, म्हणून अंतराचंही कारण नको.

येत्या जानेवारीत आम्ही चौघं औलीला जायचं म्हणतोय. गुडघावाला पण येतोय, तो फक्त खाली बसून चहा पिणार आहे. मी एका कंपनीला ईमेलवर तीन प्रश्न पाठवलेत : भारतात चालते का, हौशी स्कीइंग धरता का, डोंगरातून खाली आणायचा खर्च किती देता. परवा फोन आला, ‘सगळं कव्हर्ड आहे सर.’ मी म्हटलं, लिहून पाठवा. अजून आलेलं नाही. सेवाग्रामहून दिल्लीचं रिझर्व्हेशन तोवर थांबवलंय.