लहानसे खोटे आणि मुसावादाचे शील

पंचशीलातील चौथे शील विद्यार्थ्यांना सर्वांत जवळचे वाटते. प्राणिहत्या, व्यभिचार, मद्यपान हे विषय त्यांच्या दृष्टीने मोठ्या माणसांचे. खोटे बोलणे मात्र रोजच्या ओळखीचे. म्हणूनच वर्गात सर्वाधिक प्रश्न या शिलावरच येतात. शेजारच्या काकूंनी दिलेल्या भाजीत मीठ जास्त होते, तरी ‘छान झाली’ म्हटले तर शील मोडते का? अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना ‘आज बरे दिसता’ म्हटले तर? असे प्रश्न हसून टाळण्याची आपल्याकडे रीत आहे. पण सकाळच्या वंदनेत जे शील आपण मुलांकडून म्हणवून घेतो, त्याविषयीचा प्रश्न टाळणे शिक्षकाला शोभत नाही. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माझे मत सविस्तर मांडतो.

लहानसहान खोट्यावरच समाज चालतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. गाडीच्या चाकाला वंगण लागते तसे माणसांच्या व्यवहाराला थोडे गोड खोटे लागते, हा त्यांचा दाखला. मला तो अर्धाच पटतो. खोटे लहान की मोठे, यावर त्याचे नुकसान मोजता येत नाही. ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे की नाही, आणि बोलणाऱ्याच्या हाती कोणती सत्ता आहे, हे आधी पाहावे लागते.

आपल्या शिक्षकी पेशातलेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात एका संपूर्ण पिढीची जन्मतारीख १ जून आहे. आईबापांना तिथी किंवा तारीख सांगता येत नसे. ‘पूर आला त्या वर्षी’, ‘सुगीच्या वेळी’ एवढेच सांगणे असे. गुरुजी मुलाचे वय अदमासाने ठरवत आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून नोंदवहीत १ जून लिहून मोकळे होत. आजही दरवर्षी ३१ मे रोजी राज्यात शासकीय कर्मचारी मोठ्या संख्येने निवृत्त होतात, त्याचे मूळ त्या नोंदवहीत आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या नोंदींची अडचण होते. परंतु त्यांनी कोणाचा विश्वासघात झाला असे मी म्हणणार नाही. गुरुजींना ठाऊक होते, बापाला ठाऊक होते, पुढे मुलालाही कळले. ज्या खोट्यात दोन्ही बाजू सामील असतात, तो एक संकेत होतो. भाजीचे मीठही बहुधा त्याच जातीचे.

आता दुसरे उदाहरण. घरी आलेला सहकारी चहाचा कप पुढे येताच म्हणतो, ‘आज उपवास आहे’. किंवा ‘डॉक्टरांनी चहा बंद केला आहे.’ बौद्ध वस्तीतील ज्या घरांत नोकरी आणि शिक्षणामुळे इतर समाजातील माणसांचे येणे-जाणे सुरू झाले, त्या प्रत्येक घराने ही वाक्ये ऐकलेली आहेत. वाक्य अगदी सौम्य. आवाजात आदर. यजमानाचा अपमान होऊ नये ही काळजीसुद्धा त्यात असेल. पण त्या घरातली गृहिणी कप परत उचलते तेव्हा तिच्या मनात प्रश्न उरतो: खरोखरच उपवास असेल का? आणि हा प्रश्न त्या एका पाहुण्यापुरता राहत नाही. पुढच्या महिन्यात ज्याचा खरोखर उपवास आहे, असा निर्मळ मनाचा माणूस आला, तरी त्याच्याकडेही ती त्याच नजरेने पाहते. पहिल्याच्या खोट्याने दुसऱ्याचे खरे बाटवले. माझ्या मते लहानशा सामाजिक खोट्याचे मुख्य नुकसान हे आहे. ते ज्याला सांगितले त्याला फसवतेच, शिवाय जे कोणी खरे बोलत आहेत त्यांचीही पत घालवते.

भाड्याच्या खोलीचे असेच. पनवेलची लोकवस्ती वाढली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर येथे इमारतींची रांग लागली. तळोजाच्या कारखान्यांत, न्हावाशेवाच्या बंदरात कामाला लागलेले आपले कितीतरी माजी विद्यार्थी येथे खोल्या शोधत फिरले असतील. ‘पूर्ण नाव काय? मूळ गाव कोणते?’ येथपर्यंत बोलणे गोडीने होते. आडनाव गावावरून पडलेले असेल तर आणखी दोन प्रश्न वाढतात. मग उत्तर येते, ‘खोली कालच दिली हो, तुम्ही दोन दिवस आधी यायला हवे होते.’ मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत हे वाक्य एकाच आठवड्यात तीन दारांत ऐकले. त्यांपैकी एका दारावर पुढचे दोन महिने ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी होती. कदाचित उरलेल्या दोघांचे म्हणणे खरे असेल. ते मला आजही ठाऊक नाही, आणि मुद्दा तोच आहे.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दिल्ली व परिसरात उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम अशा वेगवेगळ्या ओळखीच्या भाडेकरूंच्या नावाने घरांची चौकशी करून पाहिली. नाव बदलताच उत्तर बदलते, हे त्यांच्या २०१५ च्या लेखात नोंदलेले आहे. असा पद्धतशीर अभ्यास केला तरच हे खोटे पकडता येते. एकट्या माणसाच्या हाती पुरावा लागत नाही. तोंडावर जातीचा उच्चार करून नकार देणाऱ्याविरुद्ध निदान साक्षीदार उभा करता येतो. सौजन्याने दिलेल्या नकाराविरुद्ध काय उभे करणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत याच प्रकारचे दोन नकार नोंदवून ठेवले आहेत. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला हा विद्वान १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने रोज दीड रुपया घेऊन, नोंदवहीत पारशी नाव लिहून, त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी गृहस्थ दारात आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. त्यानंतरच्या काही तासांत काय घडले, ते मात्र सहसा भाषणांत येत नाही. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्याकडे राहायला आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या बडोद्यात येत आहे, तिला विचारावे लागेल. पुढे बाबासाहेबांना कळले की हे दांपत्य मूळचे ब्राह्मण होते, नवरा धर्मांतरानंतर उदार झाला असला तरी बायको जुन्याच वळणाची होती आणि ती संमती देणार नाही हे नवऱ्याला ठाऊक होते. त्या दिवशी बाबासाहेब कामाठी बागेत पाच तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

काठीवाल्यांनी धर्मशाळेचे दार बंद केले. मित्रांनी शिष्टाचाराच्या भाषेत उरलेली दोन बंद केली. नोकर निघून जातील हे कदाचित खरेही असेल. बायकोला विचारावे लागेल हेही शब्दशः खोटे नाही. पण ज्या कारणासाठी नकार दिला, ते कारण झाकणारे वाक्य हे मुसावादच आहे, त्यातला प्रत्येक शब्द खरा असला तरी.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. पारशी नाव लिहून राहणे हेही खोटेच नव्हते का? होते. बाबासाहेबांनी ते लपवलेले नाही. त्याच टिपणांत १९०१ सालच्या बालपणीच्या प्रवासाची हकीकत आहे. मसूर स्थानकावर स्टेशनमास्तरने विचारले, तुम्ही कोण? मुलाने सरळ आपली जात सांगितली आणि तोवर प्रेमाने बोलणाऱ्या मास्तरचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर बैलगाडी मिळाली. रात्री जकात नाक्यावर पाणी मागण्याची वेळ आली तेव्हा त्याच मुलाने आपण मुसलमान असल्याचे सांगितले, खात्री पटावी म्हणून उर्दूत बोलला. तरीही पाणी मिळाले नाही. जवळ खाद्यपदार्थ असून पाण्यावाचून मुले उपाशी झोपली. संध्याकाळी खरे बोलल्याची किंमत ज्या मुलाने मोजली, तो रात्री खोटे बोलला, तर त्या खोट्याचा कर्ता कोण, हे ठरवण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

मराठी भाषेत मात्र न्याय उलटा झालेला आहे. बाबूराव बागुलांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. जात चोरणे! स्वतःची जात न सांगणाऱ्याला आपल्या भाषेने चोर ठरवले. बागुलांनी तो शब्द तसाच उचलून वाचकांसमोर ठेवला. ‘खोली कालच दिली’ म्हणणाऱ्यासाठी असे एखादे क्रियापद आपल्या शब्दकोशात मला आढळले नाही.

म्हणून परगावी खोली मिळावी यासाठी बुद्धाची तसबीर पेटीत ठेवणाऱ्या, आडनाव अर्धवट सांगणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना मी उपदेश करणार नाही. एवढे मात्र सांगेन की त्याचा भार त्यांच्यावर आणि त्यांच्या मुलांवर पडतो. शेजाऱ्यांशी स्नेह जुळतो, सणाला ताटे जातात-येतात, आणि १४ एप्रिल जवळ आला की घरात कुजबुज सुरू होते. शेजारी चांगले असतील. पण ते चांगले आहेत की नाहीत हे कळण्याची वाटच बंद झालेली असते. संधी मिळताच ती उघडावी, असे मला वाटते. त्यासाठी धैर्य लागते आणि पर्यायी खोलीही लागते; केवळ धैर्याच्या गोष्टी सांगणारे वक्ते हे दुसरे विसरतात.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. मज्झिम निकायात बुद्धांनी राहुलाला केलेला एक उपदेश आहे. पाय धुतल्यावर भांड्यात थोडेसे पाणी उरले होते. ते दाखवून बुद्धांनी विचारले, हे थोडेसे पाणी दिसते ना? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून त्याचे रितेपण दाखवले. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये, असे राहुलाला सांगितले. पुढे आरशाचा दृष्टान्त देऊन प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तपासावी, त्यातून आपले किंवा दुसऱ्याचे अहित होते का ते पाहावे, असे शिकवले. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मोपदेश नावानिशी दिले आहेत. त्यांतील शेवटचा हाच, मुसावादासंबंधी राहुलाला केलेला. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या अधिपतीला, निवडक सात उपदेशांत, एका मुलाला दिलेला धडा घ्यावासा वाटला, याचे मला इतिहास शिकवताना दरवर्षी नवल वाटते.

पण मग भाजीच्या मिठाचे आणि आजोबांचे काय? अभय राजकुमाराशी झालेल्या संवादात त्याचे उत्तर आहे. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. बुद्धांनी विचारले, याने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय कराल? रक्त आले तरी काढीन, राजकुमार म्हणाला, कारण मला त्याची दया येते. त्याचप्रमाणे तथागत खरे आणि हितकारक असलेलेच बोलतात, ते अप्रिय असले तरी बोलतात, पण योग्य वेळ पाहून. जे खरे नाही, ते प्रिय असले तरी बोलत नाहीत. म्हणजे खरे बोलणे हे सतत बोलणे नव्हे. आजोबांजवळ गप्प बसून त्यांचे पाय चेपता येतात. काकूंच्या भाजीबद्दल काही न बोलता त्यांनी आठवणीने भाजी पाठवली याबद्दल बोलता येते.

निवासी शाळेत या साऱ्याचा संबंध दर जूनमध्ये येतो, आणि पालकांनी कृपया राग मानू नये. पाचवीतल्या मुलाला वसतिगृहात सोडताना ते रडते. बाप म्हणतो, ‘खाऊ घेऊन आलोच.’ आई म्हणते, ‘मी इथेच बाहेर बसले आहे.’ मूल पेटी लावण्यात गुंतले की दोघे मागच्या मागे निघून जातात. त्यांच्या डोळ्यांतही पाणी असते. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण पुढचे चार दिवस ते मूल फाटकाशी जाऊन उभे राहते. त्यानंतर ते उभे राहणे थांबवते, आणि आपण समजतो की ते रुळले. प्रत्यक्षात त्याने मोठ्यांच्या शब्दाला धरणे सोडलेले असते. त्यानंतर मी त्याला ‘ताप उतरेल, काळजी करू नकोस’ म्हटले, तरी ते माझ्या तोंडाकडे संशयाने पाहते. उपवासाच्या खोट्यासारखेच हे: बोलले एकाने, पत गेली सगळ्यांची. येथे तर सत्ता पूर्णपणे मोठ्यांच्या हाती आहे. मुलाच्या बाजूला काहीच नाही.

गेली काही वर्षे आमच्या वसतिगृहात आम्ही पालकांना एक विनंती करतो. जाताना मुलाला सांगून जा, ते रडले तरी. ‘पुढच्या रविवारी नक्की येतो’ असे, सुट्टी मिळण्याची खात्री नसताना, बोलू नका. गेल्या जूनमध्ये एका वडिलांनी मुलासमोर खाली बसून त्याला सांगितले, ‘ठेकेदार रविवारी सोडेल की नाही मला माहीत नाही. शनिवारी संध्याकाळी सरांच्या फोनवर फोन करीन, तेव्हा सांगेन.’ मूल फार रडले. शनिवारी सहा वाजता ते कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसले. फोन सव्वासहाला आला. ठेकेदाराने सुट्टी दिली नव्हती. ‘मग पुढच्या शनिवारी परत करा’, एवढे बोलून मुलाने फोन माझ्या हाती दिला आणि ते जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.