झाका, पण फेकू नका

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा गावोगाव लोक तलाठ्याची वाट बघत बसले. पंचनामा व्हायलाच हवा, सरकारी मदत त्यावरच मिळते. पण पंचनामा झाला म्हणजे विम्याचा दावा दाखल झाला, असं नाही. दावा आपला आपणच कंपनीकडे करायचा असतो. पंचनाम्याची प्रत तिथे पुरावा म्हणून जोडावी.

‘आमचा विमाच नाही’ असं म्हणण्याआधी गृहकर्जाची फाईल उघडा. कर्ज देताना बँकेने बरेचदा घराचाही विमा उतरवलेला असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. तो घराचा आहे की कर्जदाराच्या आयुष्याचा, एवढं मात्र नीट पाहा; या दोन वेगळ्या पॉलिसी असतात.

वादळ ओसरलं की कंपनीला लगेच कळवा. फोन केलात तरी पाठोपाठ ईमेल किंवा लेखी अर्ज द्या आणि दावा क्रमांक मागून घ्या. निसर्गनंतर कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. तशी वेळ आली तर उशीर का झाला ते अर्जातच लिहा.

आता छपराकडे वळू. पुढचा पाऊस घरात येऊ नये म्हणून ताडपत्री घालणं हे तुमचं कर्तव्यच आहे. ‘विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावू नका’ असं सांगणारे शहाणे गावात असतात, त्यांचं ऐकू नका. भिजत ठेवलेल्या सामानाची भरपाई कंपनी नाकारू शकते. मात्र ताडपत्री घालण्याआधी फोटो काढा. आधी रस्त्यावरून सगळं घर, मग चारही बाजू, मग आतून आढं, वासे, रिपा. फुटलेली कौलं आणि वाकलेले पत्रे परड्यात एका बाजूला रचून ठेवा. ते मोजता आले पाहिजेत. टीव्ही, फ्रिज, गाद्या बाद झाल्या असल्या तरी सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका. तात्पुरत्या डागडुजीच्या पावत्याही जपा.

तुटलेल्या वाशाचं टोक त्याच दिवशी जवळून टिपा. ताजं मोडलेलं लाकूड आतून फिकट, तंतू निघालेलं दिसतं. वाळवीने खाल्लेलं असेल तर काळपट आणि भुसभुशीत. सर्व्हेअरची नजर नेमकी तिथे जाते, कारण वादळाचं नुकसान पॉलिसीत बसतं, जुनी झीज आणि जुनी गळती बसत नाही. आठ दिवस पावसात पडलेला चांगला वासाही काळा पडतो. मग वाद घालत बसावं लागतं.

सर्व्हेअर कंपनी नेमते, त्याची फीही कंपनीच देते. तुम्ही त्याला काही द्यायचं नाही. तो येईल तेव्हा घरातलं जाणतं माणूस आणि शक्य असेल तर सुतार किंवा गवंडी हजर ठेवा. खर्चाच्या अंदाजपत्रकात ‘छप्पर दुरुस्ती’ असा एकच मोघम आकडा नको. कौलं किती, कोने किती, पत्रे कोणत्या मापाचे, मजुरी किती, हे सुटं सुटं लिहून घ्या. नुकसान फुगवूनही सांगू नका. एक आकडा खोटा निघाला की खऱ्या आकड्यांवरही संशय येतो, आणि खोट्या दाव्यामुळे सगळीच भरपाई जाऊ शकते. ‘क्लेम मी काढून देतो, इथे सही करा’ म्हणणाऱ्याच्या कोऱ्या कागदावर तर मुळीच सही नको.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. तिच्यात वादळ, पूर आणि झाड पडून घराचं झालेलं नुकसान येतं. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर धरतात, जागेची किंमत त्यात नसते. घराचा विमा असेल तर सामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण फक्त छपराचे पैसे मागतात आणि भिजलेली कपाटं सोडून देतात. मात्र वाडीतल्या पडलेल्या पोफळी-माडांची भरपाई घराच्या पॉलिसीत मागू नका, बागेचं प्रकरण वेगळं. घर वर्षातले बरेच महिने बंद असणाऱ्या मुंबईकर चाकरमान्यांनी बंद घराबद्दलची अट आजच वाचून घ्यावी.

रक्कम कमी वाटली तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा, कोणती बाब का कापली ते लेखी विचारा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत मात्र कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाची आहे, म्हणून ते पत्र लिफाफ्यासकट जपून ठेवा.