जागतिकीकरणाचे जन्मसाल: १९९१ की १८३४?

'जागतिकीकरण आणि मराठी साहित्य' या विषयावर चर्चासत्र भरवण्याची प्रथा आपल्या मराठी विभागांतून आता चांगलीच रुजली आहे. बीजभाषणात १९९१ हे साल येते, त्यामागोमाग खुले धोरण, मॉल, मोबाइल आणि महानगरी एकाकीपण येते, आणि 'या वादळात साहित्यिकाची भूमिका काय?' असा प्रश्न हवेत सोडून भोजनाची सुट्टी होते. शेजारच्या इंग्रजी विभागात 'डायस्पोरा'वर निबंधवाचन चालू असते. तिथे अमेरिकेतल्या उच्चशिक्षित भारतीयाच्या मनाची घालमेल, दोन संस्कृतींमधले लोंबकळणे, स्मरणरंजन वगैरे मुद्दे निघतात. या दोन दालनांतल्या मंडळींनी एकमेकांशी बोलावे असे कुणालाच वाटत नाही. त्यामुळे ज्या माणसांच्या स्थलांतरातून जागतिक बाजार उभा राहिला, ती दोन्ही दालनांच्या मधल्या व्हरांड्यात ताटकळत उभी आहेत. त्यांना आत घ्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. मात्र ती आत आली की दोन्ही दालनांतली मांडामांड बदलावी लागेल, हेही आम्ही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम सनावळी. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ साली संमत झाला आणि १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. या कायद्याने नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना. तिची रक्कम होती २ कोटी पौंड. त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली. म्हणजे आपण जिला 'इतिहास' म्हणतो ती गोष्ट कालपरवापर्यंत हिशेबाच्या वहीत जिवंत होती. कायदा अमलात आल्यानंतर तीनच महिन्यांनी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पोचले. करार पाच वर्षांचा, पगार महिना ५ रुपये. पुढे १८३८ साली जॉन ग्लॅडस्टनसारख्या मळेवाल्यांसाठी मजुरांची जहाजे ब्रिटिश गयानाला गेली. मग त्रिनिदाद, नाताळ, सुरिनाम, फिजी. गिरमिट बंद होईपर्यंत १३ लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून अशी नेली गेली. त्यांतली सुमारे साडेचार लाख एकट्या मॉरिशसला.

आता या व्यवहाराचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. भांडवल लंडनचे. मजूर भोजपूरचा, तमिळ मुलखातला, आणि काही प्रमाणात आपल्या रत्नागिरी-साताऱ्याकडचाही. त्याला मळ्यावर शिधा म्हणून मिळणारा तांदूळ हिंदुस्थानातून जाणारा. साखर जाणार ती इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराच्या चहात. १८४६ साली ब्रिटनने साखरेवरील संरक्षक जकातींना कात्री लावायचे ठरवले, आणि क्यूबा-ब्राझीलमधल्या गुलामांनी पिकवलेल्या साखरेशी मळेवाल्यांना स्पर्धा करावी लागली. तेव्हा 'आणखी स्वस्त मजूर द्या' असा त्यांचा धोशा वाढला. त्याच सुमारास खुद्द क्यूबाने चीनमधून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात केली. १८४७ ते १८७४ या काळात ती संख्या सव्वा लाखाच्या घरात गेली. लंडनच्या जकात कायद्याचा परिणाम बिहारच्या खेड्यातल्या भरतीवर व्हावा, याला जागतिक अर्थव्यवस्था म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

हा नकाशा आपल्या भाषेतही उमटला आहे, पण आपण तो वाचत नाही. जुन्या पिढीच्या तोंडी 'मोरस साखर' हा शब्द होता. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटावरची साखर मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागली आणि तिने आपल्या गुळाला शिष्टसंमत पंक्तीतून मागे सारले. ज्या कोकणातून माणसे ऊस तोडायला समुद्रापार गेली, त्याच कोकणात सणासुदीला त्या उसाची साखर वाण्याकडून विकत आणली गेली. गेलेल्या माणसाचे पत्र येवो न येवो, त्याच्या घामाची साखर मात्र येत होती. दुसरा शब्द 'गिरमिट'. 'ॲग्रीमेंट'चा हा अपभ्रंश भोजपुरी मुलखात लाखोंच्या आयुष्याचे नाव झाला. मराठी कानाला मात्र गिरमिट म्हटले की सुताराचे भोक पाडायचे हत्यार तेवढे आठवते. एका शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी आपल्या भाषाशास्त्राच्या वर्गात व्हावयास हरकत नव्हती.

यावर दोन प्रकारचे आक्षेप येतात, आणि दोन्ही आम्हांला सारखेच अमान्य आहेत.

पहिला आक्षेप व्यवहारवाद्यांचा. त्यांच्या मते ही माणसे गुलाम नव्हती, स्वतःच्या संमतीने गेली, अनेकांनी पुन्हा करार केले, काहींनी जमिनी घेतल्या. यातले प्रत्येक विधान खरे आहे, आणि तरीही निष्कर्ष खोटा आहे. ह्यू टिंकर या इतिहासकाराने १९७४ साली गिरमिटाला 'गुलामगिरीची नवी पद्धत' म्हटले, तेव्हापासून 'गुलाम की स्वेच्छेने गेलेला' असा वाद झडतो आहे. आम्हांला हा प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. गिरमिटाचे नावीन्य ते संमती नाकारत होते यात नाही, तर ते संमतीलाच बेडी बनवत होते यात आहे. करार मोडणे हा दिवाणी मामला न राहता फौजदारी गुन्हा झाला, आणि गैरहजर मजुराची रवानगी तुरुंगात होऊ लागली. मॉरिशसच्या मळ्यांवर 'दुहेरी कपाती'चा नियम होता: एक दिवस खाडा, तर दोन दिवसांची मजुरी गेली. करार संपलेल्या 'जुन्या' मजुरालाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक. स्त्रियांच्या बाबतीत तर पुढे दर १०० पुरुषांमागे ४० असे प्रमाणच ठरवून दिले गेले. माणसांची भरती मालाच्या मागणीपत्रासारखी झाली. मुक्त बाजार, मुक्त करार आणि तुरुंग ही तीन नावे एका दमात घेण्याची सवय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नसेल, निदान साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी ती लावून घ्यावी.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींचा, म्हणून अधिक त्रासदायक. त्यांना या विषयात 'वेदना' दिसते. काळे पाणी, जातिभ्रंश, ताटातूट, गावाची ओढ. समुद्रापलीकडच्या विरहाची मराठी मनातली प्रतिमा सावरकरांच्या १९०९ मधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरील कवितेने घडवली आहे. त्या कवितेच्या थोरवीबद्दल येथे वाद नाही. पण प्रत्येक समुद्रापारच्या माणसाला आपण त्याच सुरात ऐकू लागतो, आणि मग उसाच्या फडात उभा असलेला मजूर 'मुका' ठरतो. तो मुका नव्हता. १८७१ साली मॉरिशसच्या ९,४०१ जुन्या मजुरांच्या नावाने एक अर्ज गव्हर्नरकडे गेला. ॲडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपीय मळा-व्यवस्थापकाने मळेवाल्यांचा रोष पत्करून त्यासाठी साहाय्य केले. त्यात परवाने, अटका, कपाती यांची गाऱ्हाणी होती. परिणामी १८७२ साली शाही आयोग नेमला गेला. ज्यांना आपण वेदनेचे विषय मानतो, ती माणसे कायद्याची भाषा ओळखून कायद्याशी भांडत होती. त्यांच्या त्या अर्जाला 'दस्तऐवज' म्हणून इतिहास विभागाकडे ढकलायचे आणि आपण स्मरणरंजनावर प्रबंध लिहायचे, ही वाटणी कुणी केली?

नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) ही कादंबरी अनेक ठिकाणी शिकवली जाते. बिस्वासचा बाप उसाच्या मळ्यावरचा मजूर, हा तपशील 'पार्श्वभूमी' म्हणून ओलांडून वर्ग थेट 'अस्मितेच्या शोधा'कडे धावतो. वस्तुतः स्वतःच्या घराचा तो हट्ट मळ्यावरच्या बराकीचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय उलगडतच नाही. याउलट गायुत्रा बहादुर यांनी 'कुली वूमन' (२०१३) या पुस्तकात १९०३ साली गयानाला गेलेल्या आपल्या पणजीचा माग जुन्या दफ्तरांतून काढला. अशा नोंदींत क्रमांक असतो, बापाचे नाव असते, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूण असते. हा मजकूर कसा वाचावा, त्यात काय गाळले आहे, कोणाच्या हाताने लिहिले आहे, हे सांगण्याचे शिक्षण आपण विद्यार्थ्यांना दिलेले असते. ते वापरायचे कधी?

आणि ज्यांना मराठी संदर्भच हवा आहे, त्यांनी दूर जाऊ नये. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. १९१७ साली नवी भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले करार रद्द झाले. ते पाहण्यास गोखले हयात नव्हते. आपण त्यांना नेमस्त म्हणून आणि गांधींचे गुरू म्हणून ओळखतो. त्यांचे ते भाषण मात्र कुठल्या मराठी वर्गात वाचले गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शेवटचा मुद्दा काहींना ओढूनताणून आणलेला वाटेल, वाटो. बीडचे ऊसतोड मजूर दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात जातात ते मुकादमाकडून 'उचल' घेऊन. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. हे गिरमिट नव्हे. इथे परवाना नाही, समुद्र नाही, आणि वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे. परंतु आगाऊ रक्कम, मुकादम, ऊस आणि 'स्वखुशीने' केलेला करार ही चौकट ओळखीची आहे. मॉरिशसच्या अप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथल्या सोळा पायऱ्यांपुढे छायाचित्रे काढणे सोपे आहे. उचलीच्या कागदावरचा अंगठा त्याच वारशातला आहे, हे म्हणणे अवघड.

तात्पर्य, पुढचे चर्चासत्र भरवाल तेव्हा बीजभाषणातले साल बदला. १९९१ ने आपल्याला जगात नेले नाही. आपली माणसे तिथे आधीच ऊस तोडत होती. जागतिकीकरणाचे साहित्य कोणते, असे विद्यार्थ्याने विचारले, तर त्याच्या हातात प्रथम एक करार आणि एक अर्ज ठेवावा. कविता नंतर वाचता येईल, आणि तेव्हा ती अधिक नीट कळेल.