पहिला कुत्रा बसणारा घ्या

माझ्या आजोबांचा कारवान ससा उठला की सुटायचा, मग आजोबा कितीही ओरडोत, तो थेट पुढच्या गावच्या शिवारात जाऊन थांबायचा. आटपाडीकडच्या माळावर त्याचं तेच काम होतं: डोळ्यानं हेरायचं आणि पळून गाठायचं. शिकारी कुत्रा म्हणजे हा, ही समजूत घेऊन मी इंग्लंडला आलो. यॉर्कशायरच्या खेड्यात पन्नाशीच्या तोंडावर पहिला गनडॉग घेतला, तेव्हा याच समजुतीनं मला खड्ड्यात घातलं.

गनडॉगचं काम नेमकं उलटं असतं. बार झाला, पक्षी पडला, तरी हा जागेवर बसून. सांगितलं की जायचं, पक्षी तोंडात अलगद धरून आणायचा आणि पीसही न चुरगळता हातात द्यायचा. न पळणं हा त्याचा पहिला धडा, आणि तोच सगळ्यात अवघड.

मी घेतला कॉकर स्पॅनियल. सोनेरी मादी, नाव चिंगी. वंशावळीच्या कागदावर लाल अक्षरांत चार चॅम्पियन होते. ते बघून मी भुललो. तो लाल रंग म्हणजे धोक्याची खूण होती हे नंतर कळलं. चॅम्पियनांचं रक्त म्हणजे तुफान वेग आणि अनावर हौस. मुरलेल्या माणसाच्या हातात ते सोनं; माझ्यासारख्याच्या हातात सुतळी बॉम्ब.

इथे फेझंट पाखरांच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. आपल्याकडे पूर्वी हाका घालत, तसाच इथेही घालतात. हाकेकरी ओळीनं काठ्या आपटत रानातून पुढं सरकतात, पाखरं रानाच्या टोकाला गोळा होतात आणि तिथून ती थोडी थोडी उठवायची असतात. स्पॅनियलनं झुडपं हुंगायची, पण वीस-पंचवीस पावलांच्या आत. नोव्हेंबरातली सकाळ, तिसरा हाका. चिंगीच्या नाकात वास शिरला आणि ती निघाली. मी शिटी फुंकली. थांबायची खूण म्हणजे एकच लांब फुंक. एक फुंक झाली, दुसरी झाली, नंतर मी नुसताच फुंकत राहिलो. रानाच्या टोकाची शे-दीडशे पाखरं एकदम भर्रकन उठली, बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून गेली, आणि हाका संपला. रानाचा राखणदार माझ्याजवळ आला, चिंगीला थोपटून म्हणाला, “छान कुत्री आहे. पुढच्या शनिवारी घरी ठेव.”

चूक तिची नव्हती. तिला पिढ्यान्‌पिढ्या जे करायला घडवलं, तेच तिनं केलं. मी मात्र थांबायची खूण पक्की होण्याआधीच तिला रानात नेली होती.

म्हणून माझं मत ठाम आहे: पहिला गनडॉग लॅब्राडॉर. तोही कामाच्या वाणाचा, आणि शक्यतो मादी. चॅम्पियन एखादाच असला तरी चालेल, पण पिल्लाची आई काम करताना स्वतः बघा. मी सखूच्या, म्हणजे माझ्या आताच्या लॅब्राडॉरच्या, आईला पावसात एका खुंटाशेजारी पाऊण तास बसलेली पाहिली, डोळे आभाळाकडे, अंग जागचं हललं नाही. तिथंच पिल्लू ठरवलं. आईबापांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, हे कागद मात्र मागाच, लाजू नका. जर्मन पॉइंटर, हंगेरीची व्हिझला ही मंडळी शोधतात, रोखून उभी राहतात आणि आणूनही देतात, पण तिन्ही कामं शिकवायला माणूसही तेवढ्या तयारीचा लागतो. गोल्डन रिट्रीव्हर गुणी आहे, फक्त उशिरा शहाणा होतो, आणि संध्याकाळी त्याच्या केसांतले काटे काढत बसावं लागतं.

लॅब्राडॉर शिकतो, यात त्याच्या पोटाचाही वाटा असावा असा मला संशय आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरच्या पीओएमसी नावाच्या जनुकातला तुकडाच गळालेला असतो, आणि असे कुत्रे जास्त खादाड असतात. मदतनीस म्हणून तयार केलेल्या लॅब्राडॉरांत हे प्रमाण आणखी जास्त निघालं. बिस्किटाच्या तुकड्यासाठी सखू काहीही शिकायला तयार असते. पुण्यात माझ्या बहिणीचा लॅब्राडॉर त्याच भुकेनं शिरा खाऊन पिंप झालाय. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या झंजीरनं स्फोटकं हुडकली, तोही याच जातीचा, हे मी तिला दर फोनला ऐकवतो.

आमचं घर माळकरी. आई अजून विचारते, “त्या पाखरांमागं जातोस का रे अजून?” बंदूक मी धरत नाही, हे सांगून झालं. जखमी पाखरू झुडपात तडफडत पडू नये म्हणून सखूला घेऊन मागं उभा असतो, हेही सांगून झालं. तिला ते पटत नाही, आणि कधी कधी मलाही पुरतं पटत नाही.

भाच्याला कोथरूडच्या फ्लॅटसाठी कामाच्या वाणाचा कॉकर हवा होता. व्हिडिओ बघून भाळला होता. मी तासभर समजावलं. १९७२च्या कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी, म्हणजे त्या कुत्र्याला काम नाही. काम नसलेला असला कॉकर सोफ्यातला कापूस उपसतो. घ्यायचाच तर शांत आईबापांचा लॅब्राडॉर घे, आणि शिरा देऊ नकोस. तो “हो मामा, हो मामा” म्हणत राहिला.

काल फोटो आला. कॉकरच आहे. नाव ठेवलंय रॉकेट.