तिकिटाचा वाघ आणि शिवारातला वाघ

नागपूरच्या गोरेवाडा प्राणी उद्यानात २६ जानेवारी २०२१ रोजी सफारी सुरू झाली. आष्टी तालुक्यातील शेतकऱ्याचे पोर तेथे गेले, तर तिकीट काढून बंद गाडीतून वाघ पाहील. त्याचा बाप मात्र, ओलिताची वीज रात्री आली की, जीव मुठीत धरून शिवारात जातो. २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेल्या बोरच्या जंगलातील वाघांची वाट आष्टी-कारंज्याच्या रानातूनच जाते.

संवर्धनाला विरोध असण्याचे कारण नाही. गोरेवाड्याचे बचाव केंद्र जखमी आणि माणसांशी संघर्षात सापडलेल्या जनावरांना आसरा देते. ते काम मोलाचेच आहे. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये तेथेच तीन वाघ व एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. त्यांतले वाघ चंद्रपूरकडून संघर्षापायी पकडून आणलेले होते. वाघ पिंजऱ्यात घालणे हा नाइलाजाचा उपाय आहे, त्यालाच संवर्धन म्हणून मिरवणे बरे नव्हे. वाघ रानात राहावा असे शहराला वाटत असेल, तर त्याची किंमत एकट्या कास्तकाराने का मोजावी?

जंगलालगतच्या प्रत्येक पंपाला दिवसा वीज आणि मारल्या गेलेल्या गुरांची भरपाई हंगाम उलटण्याआधी, एवढे शासनाने प्रथम करावे. सफारीचे पुढील बांधकाम त्यानंतर झाले तरी चालेल.