भीमाशंकराची घंटा आणि माहीमचा देवदूत

कर्जत तालुक्यातील खांडस गावापासून गणेश घाटाची वाट धरावी, पदरगडाचे सुळके बाजूस टाकीत रानातून वर चढावे आणि दुपार कलण्याच्या आत भीमाशंकराच्या पठारावर पोहोचावे, हा आमच्या मुलुखातील कित्येक पिढ्यांचा परिपाठ आहे. लहानपणी आजोबांच्या मागोमाग मी ती वाट प्रथम चढलो तेव्हा, देवळाच्या आवारात शिरल्यावर, ज्योतिर्लिंगाच्या दर्शनापूर्वीच माझी दृष्टी खिळली ती शनिमंदिरापुढे दोन खांबांच्या मध्ये टांगलेल्या एका अवजड घंटेवर. कारण देवळातील घंटेचा जो घाट आपल्या परिचयाचा असतो तो तिचा नव्हता, तिच्या अंगावर क्रूस होता आणि १७२९ हा इसवी सनाचा आकडा होता. "चिमाजीआप्पांनी वसईहून आणली," एवढेच आजोबा म्हणाले. मग त्यांनी घंटेला हात लावून तो कपाळी नेला आणि मलाही तसेच करावयास सांगितले. त्या वयात मला त्यात काही विशेष वाटले नाही. आज, आयुष्याचा बराचसा भाग याच डोंगरांच्या सावलीत काढल्यावर, त्या नमस्काराइतका विचारात पाडणारा दुसरा नमस्कार मला आठवत नाही.

वसईची मोहीम शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांच्या फौजांनी पोर्तुगिजांचा तो बळकट कोट घेतला, वज्रेश्वरीला बोललेला नवस चिमाजीआप्पांनी फेडला, आणि त्या मुलुखातील चर्चच्या घंटा विजयी सैन्याबरोबर निरनिराळ्या देवस्थानी गेल्या. एक भीमाशंकरास, एक खालापूरला लागूनच असलेल्या सुधागड तालुक्यात पालीच्या बल्लाळेश्वरास, एक नाशकास नारोशंकराच्या देवळात. या घंटा विजयचिन्हे म्हणून दाखविण्याची आपली रीत आहे, आणि विजयचिन्हे त्या आहेतच. परंतु ज्या काळी युरोपातील राजे प्रसंगी चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतीत, आणि पेशव्यांच्या सरकारलाही तोफांची निकड काही कमी नव्हती, त्या काळी या घंटा भट्टीत न जाता देवापुढे गेल्या, आणि भीमाशंकराच्या घंटेवरचा क्रूस कानशीने घासून काढण्याची बुद्धी कोणास झाली नाही, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रार्थनेस बोलावणे हा ज्या वस्तूचा धर्म, तिला त्या धर्मापासून तोडावयाचे नाही, अशी काही समज त्या माणसांच्या ठायी होती. वसईच्या तहातही, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देणारे कलम होते. त्याच समजुतीचे ते दप्तरी रूप होय.

हे सारे लिहावयास प्रवृत्त झालो त्याचे निमित्त मात्र बुधवारची लोकलगाडी. कर्जतहून पहाटे निघणाऱ्या गाडीत दर बुधवारी काही ओळखीचे चेहरे दिसतात. दादरला उतरून, पूल ओलांडून, पश्चिम रेल्वेने माहीमला जाणारी ही माणसे बहुतांशी हिंदू, आणि त्यांचे गंतव्य म्हणजे माहीमचे सेंट मायकेल चर्च. परवा त्यांतल्या एका बाईंना, घरी धाकट्याच्या आजारपणाने गांजलेल्या, शेजारच्या तरुणाने विचारले, "महडला वरदविनायक असताना परक्यांच्या देवाकडे कशाला जाता, काकू?" बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतील हार नीट सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वतीने मला द्यावयाचे आहे, कारण 'परक्यांचा' हा शब्द मला खोटा वाटतो.

माहीमचे हे चर्च परंपरेप्रमाणे १५३४ चे, म्हणजे या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल बसत होता त्याच काळातले. मुंबईतील सर्वांत जुन्या चर्चमध्ये त्याची गणना होते. इमारत आज जी उभी आहे ती १९७३ ची. जागा तीच, नाव तेच. १७३९ च्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरील मरियामातेचे स्थान उद्ध्वस्त झाले तेव्हा तिची मूर्ती खाडीपलीकडे, इंग्रजांच्या अंमलाखालील माहीमला, याच चर्चमध्ये आश्रयास आली आणि १७६१ मध्ये वांद्र्याला परत गेली. म्हणजे ज्या युद्धाने आमच्या डोंगरावर घंटा आणली, त्याच युद्धाने माहीमच्या देवदूताच्या पदरी एका निराश्रित मातेचा सांभाळ घातला. पुढे १८५३ साली, मुंबईतील चर्चांवर हुकमत पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांची की थेट रोमची, या तंट्यात बिशप हार्टमन यांनी स्वतःला याच चर्चमध्ये कोंडून घेतले, बाहेरून विरोधी पक्षाने वेढा दिला, आणि सुमारे पंधरवड्याने सरकारला मध्ये पडून दरवाजे उघडवावे लागले. १९४८ च्या सप्टेंबरात तेथे निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची बुधवारची नोव्हेना सुरू झाली, आणि तेव्हापासून बुधवार हा माहीमचा वार झाला. नऊ बुधवारांचा नेम धरणाऱ्यांत कोणत्या धर्माचा माणूस नाही, असे विचारावे. दारापुढे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरे, मेणाची तान्ही मुले विकावयास ठेवलेली असतात. ज्याचे जे दुखणे वा जी इच्छा, त्याची प्रतिमा त्याने वाहावी. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या आणि देवळात पाळणा बांधणाऱ्या आमच्याकडील माणसास यात शिकण्यासारखे नवीन काहीच नसते.

आता ज्याच्या नावाचे हे स्थान, तो मीखाएल कोण? मराठी पवित्र शास्त्रात त्याला 'आद्यदेवदूत' म्हटले आहे. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थच 'देवासारखा कोण?' असा प्रश्न आहे. चित्रांतून तो हाती तलवार घेऊन पायाखाली सैतानाला दाबून धरलेला दिसतो, कधी दुसऱ्या हाती आत्म्यांचे पापपुण्य तोलणारा तराजू असतो. परंतु त्याची जुनी तीर्थे पाहिली असता चित्त वेधते ते हे की, हा देवदूत शहरांपेक्षा डोंगर, गुहा आणि समुद्राने वेढलेले खडक यांवर अधिक रमला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्याने वेढला जाणारा माँ-सें-मिशेलचा खडक, जेथे ७०८ साली आवरांश येथील बिशप ओबेर यांना स्वप्नात देवदूताने स्थान बांधण्याची आज्ञा केली अशी कथा आहे. आयर्लंडच्या पश्चिमेस महासागरात उभे असलेले स्केलिग मायकेलचे निर्जन शिखर, जेथे संन्याशांनी दगड रचून पोळ्यासारख्या कुटी उभारल्या. आणि या सर्वांची जणू मातृभूमी असलेली, इटलीच्या दक्षिणेतील गार्गानो पर्वताची गुहा. ही गुहा पाचव्या शतकाच्या अखेरीपासून तीर्थ म्हणून प्रसिद्ध आहे आणि आजही यात्रेकरू पायऱ्यांनी डोंगराच्या पोटात उतरून तिथे जातात.

गार्गानोची कथा तर अशी आहे की ती कोणी नावे बदलून सांगितली तर आमच्या पेठच्या किंवा कशेळेच्या माणसाला ती आपलीच वाटावी. एका धनिकाचा बैल कळप सोडून हरवला. शोधता शोधता तो डोंगरावरील एका गुहेच्या तोंडाशी सापडला. रागाच्या भरात धन्याने विषारी बाण सोडला, तो हवेतून परत फिरून सोडणाऱ्यालाच लागला. लोक भयभीत होऊन बिशपकडे गेले, त्यांनी तीन दिवस उपवास करविला, आणि मग देवदूताने दर्शन देऊन सांगितले की ही गुहा माझी आहे. गाय रोज एका ठिकाणी जाऊन पान्हा सोडते, गुराखी मागावर जातो, दगडावर घाव बसतो, आणि रात्री देव स्वप्नात येऊन आपली खूण सांगतो, ही आमच्या कितीतरी स्वयंभू स्थानांची कथा याहून काय निराळी आहे? महडची वरदविनायकाची मूर्ती १६९० साली तळ्यात सापडली आणि १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधले, ही हकिकत सांगणारा खालापूरकर 'सापडणे' या क्रियापदावर जो भर देतो, तोच भर गार्गानोचा धनगर देत असला पाहिजे. देव माणसाने नेमलेल्या जागी येत नाही, तो स्वतः जागा निवडतो आणि जनावराच्या, पाण्याच्या वा स्वप्नाच्या द्वारे कळवितो, ही श्रद्धा दोन्हीकडे एकच.

शिवाय तलवारीचा हा देवदूत मुळात रोगहर्ता आहे, हे थोड्यांच्या लक्षात असते. पूर्वेकडे, आजच्या तुर्कस्तानात, त्याची आरंभीची स्थाने झऱ्यांपाशी होती आणि लोक तेथे दुखणी घेऊन जात. माहीमच्या मेणाच्या हातापायांचीही वाट तीच आहे. इस्लामी परंपरेत मीकाईल हा पाऊस आणि अन्न यांचा कारभार पाहणारा फरिश्ता मानतात. आणि माहीमच्या चर्चपासून मखदूम अली माहिमी यांचा दर्गा फार लांब नाही. ज्यांचे सर्व जीवित मृगाच्या पहिल्या सरीवर अवलंबून, त्या भातशेतीच्या मुलुखाने पर्जन्याचा कारभार पाहणाऱ्या देवदूताला परका म्हणावे, हे मला मोठेच नवल वाटते. गोव्यात ताळगावचे सेंट मायकेल चर्च दर वर्षी २१ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांचा उत्सव करते. मुंबई, साष्टी, वसईकडील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याच्या सणाला नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतो. आणि २९ सप्टेंबर, जो मीखाएलाचा सण, तो आमच्याकडे हळवे भात पिवळे पडू लागण्याचा समय. नव्याची पहिली मूठ देवाला दिल्यावाचून तोंडी न लावणारे हे सारे एकाच चिखलातले शेतकरी आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका लेखीत नाही. साष्टी-वसईत पोर्तुगीज अंमलाने देवळे पाडली, धर्मांतरासाठी जुलूम केला, गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयाने लोकांना छळले. या इतिहासावर पांघरूण घालणे हा त्या पीडितांशी द्रोह होईल. परंतु जुलूम करणाऱ्या सत्तेचा हिशोब आणि त्या सत्तेच्या मागे उरलेल्या माणसांच्या भक्तीचा हिशोब एकाच खात्यावर मांडणे हाही अन्यायच. सत्ता १७३९ साली वसईहून गेली. वसईचा ख्रिस्ती शेतकरी गेला नाही, त्याची केळीची बाग गेली नाही, त्याची बोली गेली नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ख्रिस्ताचे पुराण छापले ते मराठी ओवीत. आणि चार शतकांनी, २०२० साली, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले ते वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ज्या धर्माला मराठीत बोलता येते आणि मराठीत रडता येते, त्याची तीर्थे मराठी मुलुखाची तीर्थे आहेत. माहीम त्यांतले एक. चिमाजीआप्पांच्या काळच्या माणसाला हे उमगले होते, म्हणूनच त्याने शत्रूच्या देवाची घंटा स्वतःच्या देवापुढे टांगली. त्या माणसाहून आपण संकुचित व्हावे, असे काय घडले आहे?

कर्जत आणि खालापूर या आमच्या दोन्ही तालुक्यांतील शाळांच्या सहली महडला, पालीला, भीमाशंकराला जातात. मला एवढेच मागावयाचे आहे की, त्या घंटेपुढे मुलांना उभे केल्यावर "ही वसईहून जिंकून आणली" एवढे बोलून गुरुजींनी थांबू नये. चर्चच्या घंटा कशासाठी वाजत, तेही सांगावे. पहाटे, मध्यान्ही आणि तिन्हीसांजेला, दिवसातून तीन वेळा, ती घंटा ऐकून ख्रिस्ती शेतकरी हातातले काम थांबवी आणि गब्रिएल देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणे. मग ज्या मुलाला वाटेल त्याने घंटेला हात लावून तो कपाळी न्यावा.